बालकांवरील लशीची कसोटी

वाचकहो, पावसाळा सरत आला की आपल्या खेड्यापाड्यांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. तान्ह्या मुलाला आधी साधे पडसे होते. दोन-तीन दिवसांनी छाती भरते, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, पोट उडू लागते आणि मूल अंगावर प्यायचे सोडते. ह्या दुखण्यामागे निरनिराळे जंतू असू शकतात. त्यांतल्या एका अतिशय सामान्य विषाणूला डॉक्टर मंडळी ‘आर. एस. व्ही.’ म्हणतात. सामान्य अशासाठी की, दोन वर्षांचे होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. बहुतेक मुले बरी होतात. काही होत नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले ह्या विषाणूपायी दगावली, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. त्यांतील शंभरांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात घरोघर फिरून पाहणी झाली, तेव्हा इस्पितळाचे तोंडही न पाहता घरीच गेलेल्या मुलांतही हा विषाणू सापडला.

मग ह्यावर लस का नाही निघाली? देवी गेली, पोलिओ हटला, मग ह्याच विषाणूपुढे विज्ञानाचे हात का टेकले? हा प्रश्न आपल्या मनात येणारच. मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच दडलेले आहे, आणि ते गावातल्या पालकाने व शाळेतल्या शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे.

झाले असे की, १९५६ साली अमेरिकेत प्रयोगासाठी पाळलेल्या चिंपांझींना सर्दीची साथ आली आणि त्यांच्यात एक नवा विषाणू सापडला. पुढच्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोर शहरातील आजारी बालकांच्या घशात तोच विषाणू आढळला. म्हणजे हे दुखणे मुळी माकडांचे नव्हतेच, माणसाच्या लेकरांचे होते. एकदा शत्रू ओळखला की शस्त्राचा शोध सुरू व्हायचाच.

शस्त्र कसे घडवायचे, ह्याविषयी त्या काळी फारशी शंका नव्हती. १९५४ साली डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस लाखो अमेरिकन मुलांवर पारखली गेली होती आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये ती यशस्वी झाल्याचे जाहीर होताच त्या देशात आनंदीआनंद झाला होता. साल्क यांची रीत सांगायला सोपी होती. विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचा, फॉर्मालिन नावाच्या औषधात ठेवून तो मारायचा आणि मेलेला विषाणू टोचायचा. शरीर त्या मढ्यावरून शत्रूची ओळख करून घेते, रक्तात त्याच्याशी लढणारी द्रव्ये तयार करते. ह्या द्रव्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पोलिओला जे लागू पडले, ते ह्या नव्या विषाणूलाही लागू पडेल, असे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

तशी लस तयार झाली. १९६५-६६ पासून अमेरिकेत चार निरनिराळ्या ठिकाणी ती बालकांना टोचण्यात आली. त्यांतला एक प्रयोग राजधानी वॉशिंग्टनमधला. तेथे काही महिन्यांच्या ३१ बालकांना ही नवी लस दिली गेली. दुसऱ्या ४० बालकांना त्याच पद्धतीने बनवलेली, पण वेगळ्या विषाणूची लस दिली गेली. ही दुसरी तुकडी कशासाठी, असे कोणी विचारील. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. नवे खत खरोखर गुणाचे आहे की नाही हे पाहायचे, तर शेजारच्या वाफ्याला ते न घालता दोन्ही वाफे एकाच पावसात वाढू द्यावे लागतात. तसेच हे.

लस टोचल्यावर मुलांचे रक्त तपासले. प्रतिपिंडे भरपूर वाढलेली दिसली. कागदावर सारे ठीक होते.

मग १९६६-६७ चा हिवाळा आला आणि त्याबरोबर ह्या विषाणूची साथही आली. लस घेतलेल्या ३१ बालकांपैकी २० जणांना लागण झाली. म्हणजे लशीने लागण थांबवली नाही. एवढ्यावरच भागते तर ‘लस निरुपयोगी ठरली’ असे म्हणून विषय संपला असता. पण त्या वीसांपैकी १६ बालकांना इस्पितळात ठेवावे लागले. दोन बालके मरण पावली. एक चौदा महिन्यांचे, दुसरे सोळा महिन्यांचे. शेजारच्या वाफ्यात काय होते पाहा. वेगळी लस घेतलेल्या ४० पैकी २१ जणांना तीच लागण झाली. इस्पितळात जावे लागले केवळ एकाला.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचावेत. इकडे वीसात सोळा, तिकडे एकवीसात एक. ज्या लशीने राखण करायची, तिनेच दुखणे बळावले. कुंपणानेच शेत खावे, तसे झाले.

ह्या प्रसंगात दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ती दुसरी तुकडी नसती तर हे कोणाच्या ध्यानातच आले नसते. साथ जोराची आहे, मुले नाजूक आहेत, दोन दगावली, दैव! असे म्हणून लोक गप्प बसले असते आणि तीच लस पुढे लाखो मुलांना टोचली गेली असती. दुसरी गोष्ट अशी की, प्रयोग करणाऱ्यांनी ते झाकून ठेवले नाही. चारही ठिकाणचे अहवाल १९६९ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापले गेले. ‘आमची लस घेतलेली मुले अधिक आजारी पडली’ हे त्यांनी स्वतःच्या सहीने जगाला सांगितले.

पण म्हणून सारेच योग्य झाले, असे म्हणता येणार नाही. चारांपैकी एक प्रयोग वॉशिंग्टनमधील ‘ज्युनियर व्हिलेज’ या संस्थेत झाला. निराधार आणि बेघर मुलांसाठी शहराने चालवलेले ते वसतिगृह होते. तेथेही लस घेतलेल्या लहान मुलांत न्यूमोनियाचे प्रमाण फार मोठे आढळले. आता विचार करा. १८९७ च्या जानेवारीत आपल्या मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी आपली नवी लस सर्वांत आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. कैद्याचे ‘हो’ कितपत मोकळे असते, हा वाद आहेच. पण निदान त्याला तोंड होते. सहा महिन्यांच्या मुलाला ते नसते. त्याच्या वतीने आई-बाप बोलतात. आणि ज्याला जवळ आई-बापच नाहीत, त्याच्या वतीने कोणी ‘हो’ म्हणायचे? जो संस्था चालवतो त्याने? कसोटी बालकांवर घ्यावीच लागते, कारण दुखणे बालकांचेच आहे. परंतु कोणाच्या बालकांवर, हा प्रश्न विज्ञानाचा नसून न्यायाचा आहे.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे शिक्षक मित्रांनी समजू नये. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशीचा एक प्रकल्प शाळकरी मुलींमध्ये राबवण्यात आला. ती लस निराळी, दुखणेही निराळे. प्रकल्पाच्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण दुसरेच काही आढळले. खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ साली संसदीय समितीने ह्यावर कडक ताशेरे ओढले. त्या अधीक्षकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. वरून कागद आला, सही केली. पण दुसऱ्याच्या लेकराच्या दंडावर सुई टोचण्याची परवानगी ही हजेरीपटावरची सही नव्हे.

आता मूळ कथेकडे वळू. त्या दोन बालकांच्या मृत्यूनंतर ह्या लशीचे काम जवळजवळ अर्धे शतक रखडले. पुन्हा तसेच झाले तर, ह्या धास्तीने कोणी पुढे पाऊल टाकीना. आधी कोडे सोडवणे भाग होते : प्रतिपिंडे वाढली होती, तर मग मुले वाचली का नाहीत?

त्या दोन बालकांच्या फुप्फुसांचे नमुने जपून ठेवलेले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ते पुन्हा तपासले गेले. विषाणू आणि प्रतिपिंडे यांच्या गाठी फुप्फुसात साचून तेथे दाह उसळल्याच्या खुणा त्यांत मिळाल्या. प्रतिपिंडे विषाणूला चिकटत होती, पण त्याला ठार करीत नव्हती. २०१३ साली जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आदी शास्त्रज्ञांनी ह्याचे मर्म उलगडले. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असते. त्याच्याच जोरावर तो आपल्या पेशीत शिरतो. हे प्रथिन उंदराच्या सापळ्यातील चापासारखे आहे. हल्ल्यापूर्वी ते ताणलेले असते. एकदा सुटले की त्याचे रूपच पालटते. मारलेल्या विषाणूच्या लशीत बहुतेक चाप सुटलेलेच होते. शरीराने सुटलेला चाप ओळखायला शिकून घेतले आणि प्रत्यक्ष चढाई झाली ती ताणलेल्या चापाची. राखणदार होते, पण त्यांना दाखवलेला चेहराच चुकीचा होता.

शास्त्रज्ञांनी मग तो चाप ताणलेल्या स्थितीतच पक्का बसवून लस तयार केली. पण ती थेट तान्ह्या मुलांना टोचण्याऐवजी त्यांनी एक शहाणपणाची वाट धरली. लस गरोदर आईला द्यायची. तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. १८ देशांतील सात हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या चाचणीत, जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळांचे गंभीर दुखणे सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी तेथे तयार प्रतिपिंडांचे एक इंजेक्शनही मान्य झाले; ते थेट बाळाला देता येते.

तरीही सावधगिरी सुटलेली नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तान्ह्या बालकांसाठीच्या एका नव्या लशीची चाचणी मध्येच थांबवण्यात आली. लस घेतलेल्यांत गंभीर आजार अधिक दिसू लागला, एवढे कारण पुरेसे ठरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्या आकड्यांची उघड चर्चा केली. १९६६ च्या धड्याने शिकवले ते हेच : मोजत राहा, शंका येताच थांबा आणि लपवू नका.

ही कथा ऐकून कोणी म्हणेल, ‘बघा, लशी घातकच असतात!’ तर वाचकहो, ती समजूत करून घेऊ नका. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, न्यूमोनिया यांच्या ज्या लशी आपल्या आरोग्य केंद्रात मुलांना मिळतात, त्या कसोटीतून पार पडलेल्या आहेत. ज्या लशीविषयी मी सांगितले ती कसोटीतच नापास झाली आणि म्हणूनच ती आपल्या मुलांपर्यंत पोचली नाही. चाळणी असते ती खडे बाजूला काढण्यासाठी. खडा सापडला म्हणून कोणी धान्य फेकून देत नाही.

मात्र चाळणी धरणाऱ्या हातांवर नजर हवी. उद्या आपल्या गावात किंवा शाळेत कोणी लस घेऊन आले, तर आपण नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : ही लस मान्य झालेली आहे की अजून तिची चाचणी चालू आहे? चाचणी असेल तर माहितीचा कागद मराठीत आहे का, तो आईला वाचून दाखवला का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? मुलाला त्रास झाला तर औषधोपचार आणि भरपाई कोण देणार? मधूनच बाहेर पडता येईल का? आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळण्याचा हक्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचे स्वतःचे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. आणि सही पालकांची असावी, गुरुजींची नव्हे.

वॉशिंग्टनमधील त्या दोन बालकांची नावे इतिहासात नोंदलेली नाहीत. चौदा महिने आणि सोळा महिने, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि विचारता येणारही नव्हते. आज एखादे बाळ आईच्या पोटातूनच हे संरक्षण घेऊन जन्माला येते, तेव्हा त्यामागे त्या दोघांचे देणे आहे. ते फेडायचे तर पुढच्या प्रत्येक बालकाच्या वतीने कोणीतरी नीट वाचून, नीट विचारून मगच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटले पाहिजे. गावात ते काम पालकांचे आहे, आणि ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवण्याचे काम शिक्षकांचे आहे.