विद्यार्थी परिषद, विद्यापीठीय
विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करणारी वैधानिक संस्था. स्कॉटलंडमधील जुन्या विद्यापीठांत विद्यार्थी ‘रेक्टर’ निवडतात. एकोणिसाव्या शतकातील कायद्यांनी त्यास विद्यापीठाच्या शासकमंडळाचे अध्यक्षस्थान दिले. महाराष्ट्रात असे पद नाही. १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमानुसार वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नामनिर्देशित होत. २०१६ च्या अधिनियमाने प्रत्यक्ष मतदानाची तरतूद केली. तथापि २०१९ मधील नियोजित निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. या तरतुदीनुसार मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कर्जत वा खोपोली (ता. खालापूर) येथील महाविद्यालयाचा विद्यार्थी स्वतःच्या परिषदेचा अध्यक्ष थेट निवडू शकतो, अधिसभेत बसणारा विद्यापीठ परिषदेचा अध्यक्ष मात्र महाविद्यालयीन प्रतिनिधी निवडतात. परिणामी निर्णयाच्या जागेपर्यंत सामान्य विद्यार्थ्याचे मत अप्रत्यक्षपणेच पोहोचते.