आठवड्याचा पाठ



कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता शाळेच्या इतिहासावर बोलायला उभा राहिला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शालेय शिक्षण बेताचे. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दोन सभांच्या मधल्या वेळात. परंतु शाळा म्हणजे तरी अखेर काय? एक जागा, तेथे काम करणारा एक माणूस, त्याचा पगार, त्याच्या कामाचे तास आणि त्याच्यापुढे बसवलेली मुले. हा हिशेब आम्हा लोकांच्या परिचयाचा आहे. यहुदी लोकांनी तो फार प्राचीन काळी मांडला, म्हणून त्यांच्या प्राथमिक शाळेचा विषय आज मी घेतला आहे.

या शाळेची जन्मकथा त्यांच्या तालमूद नावाच्या महाग्रंथात आली आहे. आरंभी प्रत्येक बापाने आपल्या मुलाला शिकवावे, अशी रीत होती. रीत चांगली, पण ज्याला बापच नाही त्याने काय करावे? ते पोर अडाणी राहू लागले. मग यरुशलेम नगरीत शिक्षक नेमण्यात आले. तेथेही ज्याला घेऊन जाणारा बाप होता तोच पोचला, आणि पोरका मुलगा गावातच राहिला. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक बसवले आणि सोळा-सतरा वर्षांची मुले त्यांच्याकडे धाडली. ही मुले गुरुजी रागावले की उठून चालती होत! अखेरीस येहोशुआ बेन गमला या महापुरोहिताने ठरवून दिले की गावोगाव शिक्षक असावा आणि मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याच्या हाती द्यावे. हा पुरुष इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पाडले, त्याच्या थोडी वर्षे आधीचा.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुधारणेची प्रत्येक पायरी एकाच मुलाकडे पाहून पडली आहे. ज्याला बाप नाही, ज्याच्या गावात सोय नाही, तो कसा शिकेल? सरदारांच्या मुलांसाठी शाळा जगात पुष्कळ निघाल्या होत्या. पोरक्या पोरापासून हिशेब सुरू करणारी ही शाळा मात्र विरळा.

पुढील शतकांत तपशील ठरले. पंचवीस मुलांना एक शिक्षक. चाळीस झाली तर त्याच्या हाताखाली एक मदतनीस, आणि त्याचा खर्च गावाने सोसायचा. पन्नास झाली की दोन शिक्षक. एका गावचे मूल दुसऱ्या गावच्या शाळेत रोज पाठवू नये, आणि वाटेत नदी असेल तर धड पूल असल्याखेरीज पलीकडच्या शाळेतही धाडू नये. मुलांच्या गलक्याने त्रास होतो म्हणून वाड्यातली शाळा बंद करण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. आपल्या देशात शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यात वय सहापासून धरले आहे, प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि शाळा वस्तीच्या जवळ असावी असेही म्हटले आहे. तालमुदातील नियम आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. माणसाच्या मुलाची गरज फारशी बदललेली नाही, एवढे तरी त्यातून कळते.

शिक्षकाच्या नोकरीबद्दलही तेथे वाद झालेला आहे. एक शिक्षक बरा शिकवतो, दुसरा त्याहून सरस मिळतो आहे. तर पहिल्याला काढावे काय? एका पंडिताने सांगितले, काढू नये. नवा माणूस निर्धास्त होऊन आळसावेल. दुसरा म्हणाला, चढाओढीनेच विद्या वाढते. हा वाद आमच्या वाटाघाटींच्या टेबलावर मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि तो अजून मिटलेला नाही!

आता प्रत्यक्ष वर्गात काय चाले ते पाहू. यहुद्यांच्या धर्मशास्त्राचे पहिले पाच ग्रंथ म्हणजे तोरा. त्याचे चौपन्न भाग पाडलेले असून दर आठवड्याला एक, क्वचित दोन, असे वर्षभरात संपूर्ण वाचन होते. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, प्रार्थनामंदिरात त्या आठवड्याचा भाग वाचायचा. सोमवारी आणि गुरुवारी त्याचा आरंभ वाचून दाखवायचा. सोमवार-गुरुवार का? तर ते बाजाराचे दिवस. खेड्यांतली माणसे त्या दिवशी गावात यायची. आठवड्याचा बाजार आणि आठवड्याचा पाठ यांची सांगड घालणारी ती माणसे व्यवहारी होती.

पूर्व युरोपातील यहुदी वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात जी प्राथमिक शाळा असे तिला हेदेर म्हणत. हेदेर म्हणजे खोली. बहुधा गुरुजींच्या राहत्या घराचीच. तीन-चार वर्षांचे पोर तेथे अक्षरओळखीला बसे. अक्षरांवर मध लावून पहिल्या दिवशी ते चाटायला द्यायचे, अशी जुनी चाल होती. अक्षरे आली की आठवड्याचा पाठ सुरू. रविवारी नव्या भागाचा आरंभ होई. गुरुजी हिब्रू शब्द म्हणत आणि लगेच त्याचा अर्थ घरच्या यिद्दिश बोलीत सांगत. मुले दोन्ही एका सुरात घोकत. गुरुवारी उजळणी आणि परीक्षा. हा दिवस मुलांच्या धास्तीचा. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. शनिवारी जेवणानंतर बाप, किंवा बाप फार शिकलेला नसला तर शेजारचा एखादा जाणकार, मुलाला जवळ घेऊन विचारी, “या आठवड्यात काय झाले?” अशा रीतीने मोठ्यांचा आणि लहानांचा पाठ एकच असे. शिंप्याचे पोर आणि सावकाराचे पोर, गल्लीतला म्हातारा आणि समुद्रापलीकडचा नातेवाईक, सगळे त्या आठवड्यात त्याच पानावर.

या व्यवस्थेतील दोषही सांगितले पाहिजेत. लहान मुलांचा भाग आठवड्यात पुरा होत नसे, आणि रविवार उजाडला की गुरुजी पुढच्या भागाच्या आरंभाला हात घालीत. त्यामुळे कित्येक मुलांना प्रत्येक कथेची सुरुवात पाठ आणि शेवट मात्र अज्ञात, अशी स्थिती होई. छडी चाले. गुरुजींची मिळकत मुलांच्या बापांकडून सुटी सुटी येणाऱ्या फीवर, म्हणून ते नेहमी ओढग्रस्तीत आणि मानही बेताचाच. फी न झेपणाऱ्यांसाठी समाजाच्या खर्चाने वेगळी शाळा असे. मुलींना तर या शिक्षणात फारच थोडा वाटा होता. पोलंडातील क्राकोव शहरी सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईने १९१७ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा ते दार नीट उघडले.

आता या शाळेच्या गोष्टीला आपल्या कोकणात येऊ द्या. रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल हे आपले मराठी यहुदी. घाणा चालवायचा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. शतकानुशतके त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, हिब्रूही विसरलेली. तरी एक मुख्य प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती त्यांनी जपली. दिवस राहिला आणि पाठ हरवला, असे हे झाले होते.

तो पाठ परत आला तो मराठीतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांनी मराठी शाळा काढल्या, कोचीहून यहुदी शिक्षकही आले. जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता; बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि धर्म बहुतेकांनी आपला तो ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू-मराठीत निघाली. १८८० च्या सुमारास त्यांची कीर्तने सुरू झाली. अब्राहाम-मोशेची आख्याने, चाल आपल्या हरिदासांची! ज्याला हिब्रूचे अक्षर कळत नव्हते त्या तेल्यालाही पाठाचा शेवटपर्यंत अर्थ लागला. रशियातल्या मुलाला यिद्दिशने जे दिले तेच येथे मराठीने दिले.

आणि १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली शाळा उभी राहिली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. तेथे व्यवहाराच्या शिक्षणाबरोबर हिब्रूही शिकवली जाई. ही शाळा निघाली त्या मुंबईत इतर गरिबांच्या मुलांचे काय चालले होते? १८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तास कामाची मुभा ठेवली. सात वर्षे! बेन गमलाने जे वय शाळेचे ठरवले, ते आमच्या कायद्याने गिरणीचे ठरवले. पुढल्याच वर्षी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले, आणि ते मिळाले नाही. रविवारची सुट्टी मिळायलाही नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत झगडावे लागले.

हे सांगण्यात कुणा समाजाची आरती ओवाळावी हा हेतू नाही. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. माझगावच्या त्या शाळेत आज बहुतेक मुले इतर धर्मांची आहेत, आणि ते ठीकच आहे. शाळा ज्या वस्तीत असेल त्या वस्तीची असावी. तिकडे गेलेल्या मंडळींनी तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. ज्या भाषेतून हरवलेला पाठ परत मिळाला, तिची त्यांना ओढ असणे साहजिक आहे.

आपल्या गावात शाळा किती, यावर आपण समाधान मानतो. एका गुरुजींपुढे मुले किती, त्यांचा पगार कोण देतो आणि तो वेळेवर मिळतो का, नदीपलीकडच्या वाडीतले पोर येते कसे, हे प्रश्न सभेत फारसे निघत नाहीत. ते निघाले पाहिजेत. आणि एक काम तर सरकारवर ढकलताच येणार नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवून विचारावे, “या आठवड्यात काय शिकलास?” आणि त्याने जे सांगितले ते शेवटपर्यंत ऐकावे. त्याला शुल्क पडत नाही.