तिसरी घंटा आणि मोबाइलची रिंग

पनवेल महापालिकेच्या हद्दीतील कामोठे हे सिडकोने वसविलेले उपनगर. येथील रहिवाशाला व्यावसायिक नाटक पाहायचे असेल, तर दोन नाट्यगृहे सोयीची पडतात. मानसरोवर स्थानकातून लोकल पकडून दुसऱ्याच स्थानकावर, म्हणजे पनवेलला उतरायचे आणि आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गाठायचे. नाहीतर उलट दिशेने वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जायचे. भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. त्या प्रयोगाचा ५ नोव्हेंबर हा दिवस आजही रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

या काळात नाटक संपणार, असे भाकीत अनेकदा झाले. त्यातला सर्वांत मोठा घाव बोलपटाचा होता. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये झळकला आणि त्यात नायक होते संगीत रंगभूमीवर गाजलेले गोविंदराव टेंबे. पाठोपाठ १९३५ मध्ये बालगंधर्वही 'धर्मात्मा'मधून पडद्यावर आले. मोठा लवाजमा पोसणाऱ्या नाटक मंडळ्यांना हे आव्हान पेलले नाही. मात्र याच काळात, १९३३ मध्ये, नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणून वास्तववादी नाटकाची वाट दाखविली. बोलपटाने मंडळ्या मोडल्या, नाटक मोडले नाही, हा भेद लक्षात घ्यायला हवा.

तंत्रज्ञान नेहमी बाहेरूनच आले असेही नाही. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये (१९६२) फिरता रंगमंच वापरण्यात आला. न्यायालयातून लखोबा लोखंडेच्या निरनिराळ्या कारनाम्यांकडे क्षणात जाणे त्यामुळे शक्य झाले आणि प्रभाकर पणशीकरांच्या अनेक रूपांना वेग मिळाला. पुढे १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, नंतर खासगी वाहिन्या आल्या. घरबसल्या करमणूक मिळू लागल्याने प्रेक्षक घटल्याची तक्रार झाली. पण मालिकेतला ओळखीचा चेहरा जाहिरातीत असला, की तिकीटखिडकीवर फरक पडतो, हे निर्मात्यांनीच हेरले. उलटा प्रवासही झाला. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) आणि 'नटसम्राट' (१९७०) ही नाटके अनुक्रमे २०१५ आणि २०१६ मध्ये चित्रपटरूपाने नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

करोनाकाळात मार्च २०२० पासून नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा हृषीकेश जोशी यांनी 'मोगरा' हा प्रयोग इंटरनेटवरून थेट सादर केला. कलाकार आपापल्या घरी, प्रेक्षकही आपापल्या घरी. या प्रकाराला 'नेटक' असे नाव मिळाले. कामोठ्यात बसलेल्याला पनवेलही गाठावे लागू नये, अशी ही सोय होती. पण शेजारच्या खुर्चीतले हसू तिच्यात नव्हते. राज्यातील नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली आणि प्रेक्षक तिकडे परतले.

आजचा पेच मात्र वेगळा आहे. बोलपट आणि दूरदर्शन नाट्यगृहाबाहेर होते. मोबाइल थेट प्रेक्षागृहात बसला आहे. त्यावर नाटकाची वेळ कळते, खुर्ची निवडता येते, तिकीटही त्यावरच येते. वाशीला जाऊन आधी तिकीट काढण्याची खेप वाचली, हा कामोठ्यासारख्या ठिकाणी मोठाच लाभ. मात्र तिसरी घंटा झाल्यावरही तो वाजतच राहतो. सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये याच कारणाने रंगभूमीवर काम थांबविण्याचा इशारा दिला होता. त्यानंतर नाट्यगृहांत जॅमर बसविण्याची मागणी जोरात पुढे आली. पण जॅमरला केंद्र सरकारची परवानगी लागते, शिवाय प्रेक्षागृहातील डॉक्टरला तातडीचा निरोप कसा पोहोचणार, हा प्रश्न उरतोच. आणि जॅमरने रिंग थांबेल, चित्रीकरण थांबणार नाही. अंधारात उजळलेला तो छोटा पडदा मागच्या चार रांगांना तर दिसतोच, रंगमंचावरच्या नटालाही स्पष्ट दिसतो.