परमिट-लायसन्स-कोटा राज आणि त्याचे टीकाकार

परमिट-लायसन्स-कोटा राज : स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत भारतात कारखाना काढणे, तो वाढवणे, यंत्र आयात करणे, माल परप्रांतात नेणे, शेतमाल विकणे अशा जवळजवळ प्रत्येक व्यवहाराला सरकारी परवानगी लागू लागली. या व्यवस्थेला तिच्या विरोधकांनी दिलेले हे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारी (राजाजी) यांनी रूढ केले. ब्रिटन-अमेरिकेत मोठ्या सरकारवर जी टीका होते ती बहुतांशी चढे कर आणि कल्याणकारी योजनांचा खर्च यांभोवती फिरते. भारतात बेकारभत्ता नव्हता, सर्वांना पेन्शन नव्हते आणि आयकर भरणारे मूठभर होते. म्हणून इथल्या टीकेचे लक्ष्य वेगळे राहिले. सरकार देते फार, अशी तक्रार तिच्यात क्वचितच आढळते. सरकार अडवते फार आणि अडवण्याची किंमत वसूल करते, ही तिची मुख्य तक्रार होती.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे नियोजनाच्या काळापेक्षा बरीच जुनी आहेत. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात शेतसारा, लोकल फंड, पाटबंधाऱ्यांची पट्टी यांचा हिशेब मांडला आहे आणि हा पैसा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनीत व काळ्या कारकुनांच्या पोटात कसा जातो ते दाखवले आहे. फुल्यांना सरकारच नको होते असे मात्र नाही. बंधारे आणि शाळा ते सरकारकडूनच मागत होते. घेतलेल्या पैशाच्या बदल्यात शेतकऱ्याला काय मिळाले, हा त्यांचा सवाल होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्याचाही सूर असाच होता : रयत दुष्काळाने पिचलेली असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर उतरला. गांधीजींनाही राज्यसंस्थेच्या वाढत्या सत्तेचे भय वाटे, पण त्यांच्या राजकीय वारसदारांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

नियंत्रणाचा सांगाडा थोड्या वर्षांत उभा राहिला. उद्योग (विकास व नियमन) अधिनियम १९५१ चा, अत्यावश्यक वस्तू अधिनियम १९५५ चा; १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या औद्योगिक धोरण ठरावाने मूळ उद्योग सरकारकडे राखून ठेवले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि मक्तेदारीविरोधी कायदा, १९७३ मध्ये परकीय चलन नियमन कायदा अशी पुढची भर पडली. या सगळ्याचे खापर एकट्या समाजवाद्यांवर फोडण्याची रीत आहे, ती मात्र इतिहासाला धरून नाही. १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा आठ जणांच्या सह्या होत्या आणि त्यात सरकारी नियोजन व नियंत्रण उद्योगपतींनी आपण होऊन मागितले होते. परदेशी मालाच्या स्पर्धेपासून संरक्षण त्यांना हवेच होते. त्या आठांपैकी दोघांना पुढे पस्तावा झाला असे म्हणता येईल. जॉन मथाई यांनी नियोजन आयोगाच्या अधिकारांना हरकत घेऊन १९५० मध्ये अर्थमंत्रिपद सोडले, तर अर्देशीर श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापन केले.

अर्थशास्त्रज्ञांत सुरुवातीला विरोधाचा आवाज जवळजवळ एकट्याचाच होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडली. तुटीच्या अर्थभरण्यावर एवढी मोठी योजना पेलणार नाही, महागाई होईल आणि मग नियंत्रणांवर नियंत्रणे लादावी लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. परकीय चलनाची टंचाई १९५७ मध्येच आली. शेणॉय यांना त्याचे श्रेय मिळाले नाही. सरकारी वर्तुळात ते बाहेरचेच राहिले.

करांचा भाग वेगळा पाहिला पाहिजे, कारण तो दरांपेक्षा परिणामांमुळे बोलका आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्युकर आला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर संपत्ती कर, खर्च कर आणि देणगी कर आले. कॅल्डॉर यांनी नवे कर लावताना आयकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणायलाही सांगितले होते. सरकारने त्यांची शिफारस अर्धीच उचलली : कर लावले, दर चढेच ठेवले. यशवंतराव चव्हाण यांच्या १९७१ च्या अर्थसंकल्पाने दोन लाख रुपयांवरच्या उत्पन्नाला अधिभारासह ९७.७५ टक्के दर लावला. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती राहत. संपत्ती कर जमेस धरला तर काहींचा एकूण कर उत्पन्नाच्याही वर जाई. प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने त्याच वर्षी बजावले की असे दरच काळ्या पैशाची पैदास करतात. अखेर चव्हाण यांनीच १९७४ मध्ये दर ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९८५ मध्ये तो ५० आणि १९९७ मध्ये ३० टक्के झाला. मृत्युकर १९८५ मध्ये, देणगी कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. यांतून तिजोरीत फारसे काही पडलेही नव्हते. कायदेपंडित नानी पालखीवाला दरवर्षी अर्थसंकल्पावर मुंबईत जाहीर व्याख्यान देत. ते ऐकायला इतकी गर्दी होऊ लागली की सभागृह अपुरे पडून कार्यक्रम ब्रेबोर्न स्टेडियमवर न्यावा लागला. करप्रणालीवरचे भाषण ऐकायला स्टेडियम भरावे, ही गोष्ट मुंबईतच घडू शकते.

राजकारणात या टीकेला पक्षाचे रूप मिळाले ते नागपूरच्या एका ठरावामुळे. जानेवारी १९५९ मधल्या नागपूर काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला. जमीन सामुदायिक होणार या भीतीने राजाजी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी एकत्र आले. जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पहिले अधिवेशन भरले. मसानी हे मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण आणि अच्युतराव पटवर्धन यांच्या संगतीत तो पक्ष आकाराला आला होता. स्टालिनची राजवट पाहून मसानींचे मन पालटले. स्वतंत्र पक्षाने १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा जिंकल्या व तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९७१ मध्ये तो ८ जागांवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला.

स्वतंत्र पक्षाच्या जागा मुख्यतः गुजरात, राजस्थान आणि ओडिशातून आल्या, तिथे संस्थानिकांचे वजन होते. ‘राजेरजवाडे आणि शेठजींचा पक्ष’ हा शिक्का त्याला चिकटला तो त्यामुळेच, आणि संस्थानिकांच्या तनख्यांची बाजू घेऊन पक्षाने तो स्वतःच पक्का करून घेतला. महाराष्ट्रात त्याला मूळच धरता आले नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरू केलेल्या वाटेने सहकारी साखर कारखाने वाढत होते. त्यांना सरकारचे भागभांडवल आणि कर्जाची हमी होती. बागायतदार शेतकऱ्याला सरकार तेव्हा पाठीराखे वाटत होते, त्याच्याविरुद्ध मत देण्याचे कारण नव्हते.

परवाना पद्धती प्रत्यक्षात कशी चालली, याचे सर्वांत झोंबणारे वर्णन मात्र स्वतंत्र पक्षाने केलेले नाही. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ रा. क. हजारी यांनी नियोजन आयोगासाठी परवान्यांचा अभ्यास केला. १९६७ च्या अहवालात त्यांनी दाखवले की मोठी घराणी, विशेषतः बिर्ला, एकाच मालासाठी अनेक अर्ज करून परवाने अडवून ठेवतात. कारखाना काढला नाही तरी चालते, दुसऱ्याला तो काढता येत नाही एवढे पुरते. मक्तेदारी रोखण्यासाठी आणलेले साधन मक्तेदारीचीच तटबंदी झाले होते. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये अंदाज मांडला की १९६४ साली भारतात परवान्यांमुळे मिळणाऱ्या आयत्या नफ्याची रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के होती आणि तिचा मोठा वाटा आयात परवान्यांचा होता.

सामान्य माणसाला हे अर्थशास्त्र स्कूटरच्या नंबरावरून कळले. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे, कारण उत्पादन किती करायचे हे परवान्यावर लिहिलेले असे. सुवर्ण नियंत्रणाचा फटका अधिक क्रूर होता. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली. सोन्याची तस्करी थांबली नाही, सोनारांच्या भट्ट्या तेवढ्या विझल्या. तो कायदा शेवटी १९९० मध्ये गेला. सिमेंटचेही तसेच. ते कोट्याने मिळे, म्हणून कोटा देणाऱ्याच्या हाती पैसा उभा करण्याचे यंत्र आले. सिमेंटवाटप आणि एका प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः खुले केले.

या टीकेला शेतकऱ्याच्या बांधावर आणले ते शरद जोशी यांनी. टपाल खात्यातले अधिकारी असलेले जोशी बर्नच्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन त्यांनी शेतीचा जमाखर्च स्वतः मांडला. चाकणचे कांदा आंदोलन, १९८० चे नाशिक जिल्ह्यातले ऊस-कांद्याचे रास्ता रोको, निपाणीचे तंबाखू आंदोलन यांतून शेतकरी संघटना उभी राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत संघटनेची भूमिका आली. जोशींचे म्हणणे असे की शेतकऱ्यावर आयकर नाही, म्हणून तो करमुक्त आहे हा भ्रम आहे. निर्यातबंदी, लेव्ही (सरकारी दराने सक्तीची खरेदी), जिल्हाबंदी आणि स्वस्त आयात यांतून भाव पाडून त्याच्याकडून जे काढून घेतले जाते तोच त्याचा कर. याला ते उणे सबसिडी म्हणत. भारत सरकारने गॅटच्या व्यापार वाटाघाटींत १९८६ ते ८८ या वर्षांचे जे आकडे सादर केले, त्यांत शेतीला मिळणारे एकूण साहाय्य खरोखरच ऋण निघाले. जोशींनी तो कागद पुढे आयुष्यभर वापरला. त्याच वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाला महेंद्रसिंह टिकैत आणि नंजुंडस्वामी हे शेतकरी नेते विरोध करत असताना त्याच्या बाजूने उभा राहणारा मोठा शेतकरी नेता ते एकटेच होते.

महाराष्ट्रातली नियंत्रणे त्यांच्या निशाण्यावर होती. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की कापूस सीमेपार नेण्याची आंदोलने संघटनेने केली. दोन साखर कारखान्यांत हवाई अंतर किती असावे, हे सरकार ठरवते. महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर आहे. कारखानदाराला हे संरक्षण आहे, पण ऊस उत्पादकाला दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही. साखरेवरची लेव्ही २०१३ पर्यंत टिकली.

उलट बाजू दुबळी नाही. १९५०-५१ मध्ये भारतातल्या करांचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण १० टक्क्यांच्याही आत होते. शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांच्या बाबतीत भारतीय राज्यसंस्था मोठी कधीच नव्हती. परवानग्या देण्यापुरती ती अवाढव्य आणि सेवा देण्यात किरकोळ, हे तिचे खरे व्यंग. ते सरसकट ‘मोठे सरकार’ म्हणणाऱ्यांच्या मांडणीत बसत नाही. लोकांचा विरोध सरसकट सरकारी खर्चाला नव्हता, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला गेला. नोकरदारांच्या पगारातून तो कापला जातो आणि तेवढीच भर सरकारने घालायची. शहरी पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असा हा उघड कल्याणकारी कर होता. तरी त्याच्याविरुद्ध मुंबईत बंड झाले नाही. तक्रारी आल्या त्या हजेरीपटावरच्या खोट्या नावांच्या. कर कशासाठी घेतला हे दिसत असले तर तो सोसला जातो, याकडे करविरोधी लेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

२४ जुलै १९९१ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना रद्द केला. शेतीची बेडी मात्र तशीच राहिली. शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांना शेतकरी संघटनेने पाठिंबा दिला होता. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेण्याची घोषणा झाली. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी शुल्कासह खुली झाली. मधल्या काळात लासलगावच्या बाजारातले कांद्याचे भाव कोसळले.

या वैचारिक वादाचा एक धागा न्यायालयात आणि संसदेतही गेला. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची सूचना केली तेव्हा बाबासाहेब आंबेडकर यांनी ती नाकारली. ते स्वतः राज्य-समाजवादाचे पुरस्कर्ते होते, पण पुढच्या पिढ्यांनी कोणती समाजरचना पत्करावी हे घटनेने बांधून टाकणे त्यांना लोकशाहीविरोधी वाटत होते. १९७६ मध्ये तो शब्द उद्देशिकेत आलाच. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९-अ घालून पक्ष नोंदवताना समाजवादावरील निष्ठा लिहून देणे सक्तीचे झाले. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातल्या उरलेल्या कार्यकर्त्यांनी तसे लिहून द्यायला नकार दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. राज्यसभेवर असताना शरद जोशींनी हा शब्द कायद्यातून काढण्यासाठी खाजगी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या पक्षालाही नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा असल्याचे निवेदन आजही द्यावे लागते.