मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेची घरगुती दुरुस्ती

मोटारीची वातानुकूलन यंत्रणा (बोलीभाषेत ‘एसी’) थंड हवा देईनाशी झाली असता वाहनमालकाने घरच्या घरी, साध्या हत्यारांच्या साहाय्याने केलेली तपासणी व दुरुस्ती म्हणजे या यंत्रणेची घरगुती दुरुस्ती होय. तिचे स्वाभाविकपणे दोन भाग पडतात. गाळणी, पंखा, पट्टा, फ्यूज, पाण्याचा निचरा इत्यादी बाह्य भागांची कामे कोणाही काळजीपूर्वक काम करणाऱ्या व्यक्तीस जमण्यासारखी असतात. प्रशीतक वायू ज्या बंदिस्त नळ्यांतून फिरतो त्या नळ्या उघडण्याचे काम मात्र निराळ्या कोटीतील असून त्यात शारीरिक इजा, यंत्राची हानी व पर्यावरणाचे नुकसान हे तिन्ही धोके संभवतात.

पार्श्वभूमी

कारखान्यातच वातानुकूलन बसवलेली मोटार प्रथम अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली शिकागो येथील प्रदर्शनात मांडली. त्या यंत्रणेचा थंडावा देणारा भाग मागील डिकीतील बरीचशी जागा व्यापत असे. ती बंद करण्यासाठी गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढावा लागे. अर्थात, घरगुती कामाची सवय त्या काळच्या मालकांना यंत्रानेच लावली असे म्हणता येईल. १९५४ साली नॅश कंपनीने सर्व भाग गाडीच्या पुढील बाजूस सामावणारी आटोपशीर यंत्रणा बाजारात आणली. आजच्या मोटारींतील मांडणी स्थूलमानाने तशीच आहे.

कार्यपद्धती

द्रवाचे बाष्पीभवन होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि बाष्पाचे पुन्हा द्रवात रूपांतर होताना ती उष्णता बाहेर टाकली जाते, या तत्त्वावर यंत्रणा चालते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर (संपीडक) प्रशीतक वायूस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये (संघनक) बाहेरच्या हवेने त्याची उष्णता निघून जाते व त्याचा द्रव बनतो. हा द्रव ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून पुढे जाऊन प्रसरण झडपेच्या अरुंद छिद्रातून एकदम कमी दाबाच्या भागात शिरतो आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉईलमध्ये (बाष्पक) उकळू लागतो. कॉईलवरून ब्लोअरने ढकललेली हवा थंड होते, तसेच तिच्यातील बाष्पही कॉईलवर जमून पाण्याच्या रूपाने गाडीखाली ठिबकते. कोकणासारख्या दमट प्रदेशात उभ्या गाडीखाली साचणारे थारोळे हे बिघाडाचे नव्हे, तर यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे.

‘गॅस संपला’ हा समज

थंडावा कमी झाला की ‘गॅस संपला’ असे सर्रास म्हटले जाते. हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. पेट्रोल जसे जळून खर्च होते तसा प्रशीतक खर्च होत नाही, तोच वायू बंदिस्त मार्गात पुनःपुन्हा फिरत राहतो. रबरी नळ्यांतून व सांध्यांतून वर्षानुवर्षांत अल्पशी झिरप होते हे खरे, परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. गळती न शोधता केलेली भरणी ही दुरुस्ती नव्हे.

घरी करता येण्याजोगी तपासणी

प्रथम हवेचा झोत व हवेचे तापमान या दोन तक्रारी वेगळ्या कराव्या लागतात. हवा थंड असून झोत क्षीण असेल तर दोष बहुधा केबिन फिल्टरमध्ये असतो. ही गाळणी अनेक गाड्यांत डॅशबोर्डातील कप्प्यामागे असते व ती हत्याराशिवाय काढता येते. धूळ, वाळकी पाने व क्वचित उंदरांनी केलेले घरटे तिच्यात आढळते. ब्लोअर केवळ सर्वांत जास्त वेगावरच चालत असल्यास त्याचा रेझिस्टर निकामी झालेला असण्याचा संभव अधिक. आरंभी झोत चांगला असून तासाभराने तो मंदावत असेल आणि यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर कॉईलवर बर्फ साचत असल्याचे अनुमान निघते. मळलेला फिल्टर, प्रशीतकाची कमतरता वा तापमापक संवेदकाचा दोष ही त्याची कारणे होत.

झोत चांगला पण हवा गरम, अशा वेळी बॉनेट उघडून पाहिले जाते. इंजिन चालू असताना करावयाचे हे काम मोकळ्या जागीच केले पाहिजे, कारण बंद शेडमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो. पदर, ओढणी व सैल बाह्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते. विद्युत पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकतो. एसीचे बटण दाबताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज येऊन त्याची पुढील चकती फिरू लागते. ती फिरत नसल्यास फ्यूज व रिले तपासले जातात. दोन्ही ठीक असूनही क्लच लागत नसेल, तर प्रशीतक फार कमी झाल्यामुळे दाबदर्शक स्विचने कॉम्प्रेसर रोखून धरलेला असू शकतो. हा स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर बळेच चालवण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो, पण तो टाळलेलाच बरा. वंगणतेल प्रशीतकाबरोबरच फिरत असल्यामुळे कोरडा कॉम्प्रेसर थोड्या वेळात निकामी होतो व त्याचा कीस सर्व नळ्यांत पसरतो. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तेथे ही खूण उपयोगी पडत नाही.

गाडी वेगात असताना थंडावा मिळतो आणि सिग्नलपाशी थांबताच हवा कोमट होते, ही अत्यंत बोलकी खूण आहे. दोष कंडेन्सरच्या पंख्यात किंवा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत अडकलेल्या धुळीत असतो. इंजिन थंड असताना पाण्याच्या साध्या, मंद धारेने कंडेन्सर धुतल्यास पुष्कळदा पूर्ण गुण येतो. जोरदार दाबाच्या धारेने मात्र पापुद्रे वाकून हवेची वाट कायमची अडते.

गाडीतील पायपुसणे ओले होत असेल तर कॉईलखालील निचरा नळी तुंबलेली असते, ती खालच्या बाजूने मऊ नळीने अथवा हलक्या फुंकरीने मोकळी करता येते. कुबट वास हा याच ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीचा परिणाम होय. प्रवास संपण्याआधी काही मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवल्यास कॉईल सुकते.

गळतीची जागा शोधण्यासाठी सांधे न्याहाळले जातात. प्रशीतकाबरोबर तेलही झिरपत असल्याने गळतीच्या ठिकाणी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. संशयित सांध्यावर साबणाचे पाणी लावले असता मोठ्या गळतीपाशी बुडबुडे येतात. गॅस भरण्याच्या तोंडांवरील प्लॅस्टिकच्या टोपण्या हरवलेल्या असणे हे क्षुल्लक वाटणारे, पण वारंवार आढळणारे कारण आहे. आतील छोटी झडप सूक्ष्म गळत असते व टोपण हाच तिचा दुसरा अडसर असतो.

गॅस भरणे

अमेरिकेत प्रशीतकाचे लहान डबे सुट्या भागांच्या दुकानात सामान्य ग्राहकास मिळतात व अनेक मालक स्वतः गॅस भरतात. या पद्धतीचा मुख्य दोष दाबमापकावरील विश्वासात आहे. द्रव व बाष्प एकत्र असलेल्या बंद पात्रातील दाब केवळ तापमानावर ठरतो, द्रवाच्या प्रमाणावर नाही. ३० अंश सेल्सिअसला आर-१३४ए या प्रशीतकाचा स्थिर दाब दर चौरस इंचास सुमारे ९७ पौंड असतो, मग आत द्रव १०० ग्रॅम असो वा ४०० ग्रॅम. म्हणून बंद यंत्रणेचा दाब पाहून आत किती गॅस आहे हे कळत नाही. अचूक मार्ग एकच: आतील सर्व वायू यंत्राने काढून घेणे, निर्वात पंपाने नळ्या रिकाम्या करणे आणि बॉनेटखालील पट्टीवर छापलेले वजन काट्यावर मोजून भरणे. लहान मोटारींत हे वजन अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असते. निर्वात करण्याचे दुसरेही कारण आहे. दाब अत्यंत कमी झाला की नळ्यांतील पाणी नेहमीच्या तापमानासच उकळून निघून जाते. ते राहिल्यास झडपेपाशी बर्फ होतो व आतील धातू गंजतो. गॅस अधिक भरल्याने थंडावा वाढत नाही, उलट दाब चढून तो घटतो.

आर-१३४ए उणे २६ अंशांस उकळतो. द्रवरूप प्रशीतक त्वचेवर वा डोळ्यांत उडाल्यास क्षणात हिमदंश होतो, त्यामुळे चष्मा व हातमोजे अनिवार्य मानले जातात. गॅसचा डबा चुकून उच्च दाबाच्या बाजूस जोडल्यास तो फुटू शकतो. ज्वालेच्या संपर्कात आल्यास या वायूचे विघटन होऊन विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. स्वस्ताई म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा प्रकार सर्वांत घातक. तो थंडावा देतो खरा, पण कॉईल गळाल्यास ज्वालाग्राही वायू थेट प्रवाशांच्या बसण्याच्या जागेत पसरतो. गळती बुजवणारे द्रव्य मिसळलेले डबेही टाळावेत, कारण ते द्रव्य पुढे गॅरेजमधील यंत्रे तुंबवते आणि काही गॅरेजवाले अशी गाडी हाती घेण्यास नकार देतात.

प्रशीतके व पर्यावरण

पूर्वी आर-१२ हा प्रशीतक वापरात होता. क्लोरोफ्लोरोकार्बन वायूंमुळे ओझोन थराचा ऱ्हास होतो हे मोलिना व रोलँड यांनी १९७४ साली मांडले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. १९९० च्या दशकात मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला हानी करत नाही, मात्र त्याची जागतिक तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. म्हणजे ४५० ग्रॅम गॅस हवेत सोडणे हे सुमारे ६४० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे ठरते. अमेरिकेत दुरुस्तीच्या वेळी तो जाणूनबुजून हवेत सोडण्यास कायद्याने बंदी आहे. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत तो भरता येत नाही. तेथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरला जातो. हा सौम्य ज्वालाग्राही असून त्याची भरणतोंडे निराळ्या आकाराची असतात, जेणेकरून दोन वायूंची सरमिसळ होऊ नये.

विद्युत व हायब्रिड मोटारी

या मोटारींतील कॉम्प्रेसर पट्ट्यावर न चालता उच्च विद्युतदाबावर चालतो. नारिंगी रंगाच्या तारा ही त्याची खूण होय. अशा तारांना घरी हात लावणे जीवावर बेतू शकते. तसेच त्यांत विद्युतरोधक असे विशिष्ट तेल लागते. नेहमीच्या मोटारींचे तेल थोडेसे जरी मिसळले तरी विद्युतरोध कमी होऊन गाडी स्वतःहून यंत्रणा बंद पाडू शकते. फिल्टर बदलणे, कंडेन्सर धुणे व निचरा नळी साफ करणे ही कामे मात्र या मोटारींतही घरी करता येतात.