ओझी वाहणाऱ्या बाईंची शाळा

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतातली माणसं पोटामागे शहराकडे निघाली. उमरेडचं एक महार कुटुंब असंच नागपुरात आलं. सोबत चार वर्षांची मुलगी होती, जाई. शहरात तिला शाळेचं तोंड दिसलं. कशीबशी चौथीपर्यंत मजल गेली आणि नवव्या वर्षी लग्न लागलं. सासरी हातातोंडाची गाठ पडणं मुश्कील, म्हणून जाईबाई चौधरी नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करू लागल्या. लोकांच्या ट्रंका, बोचकी, पोती डोक्यावरून वाहायची आणि मिळतील ते आणे पदरात बांधून घरी यायचं.

अक्षरओळख असलेली ही हमाल बाई ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंच्या नजरेत भरली. त्यांनी जाईबाईंना थोडंफार इंग्रजी शिकवलं आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेचं काम दिलं. पण शिकवणारी बाई कोणत्या जातीची आहे हे कळताच सवर्ण पालकांनी गिल्ला केला, मुलं शाळेतून काढून घेण्याची भाषा सुरू झाली आणि ती नोकरी गेली. पुढे १९२२ साली जाईबाईंनी स्वतःच शाळा काढली. जागा नई वस्ती, विद्यार्थी मुली, नाव संत चोखामेळा कन्या शाळा.

नागपूरच्या शिक्षणाचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात मात्र स्टीफन हिस्लॉपपासून होते. हा स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये इथे आला, १८४६ मध्ये त्याने शाळा सुरू केली आणि १८६३ मध्ये बोरीजवळच्या पुरात बुडून त्याचा अंत झाला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये उभं राहिलं, दोन वर्षांनी मॉरिस कॉलेज आलं, १९२३ मध्ये विद्यापीठ. या संस्थांनी विदर्भाला वकील दिले, डॉक्टर दिले, मंत्री दिले. पण नागपूरच्या पाचपावलीतल्या किंवा जवळच्या कामठीतल्या मजुराच्या पोराला कॉलेज फार लांब होतं. त्याची अडचण तिसरी-चौथीतच उभी राहायची. शाळेत नाव घालणं एकवेळ जमे. पण दुसऱ्या वर्षीही त्याच वर्गखोलीत तो बसलेला दिसेल याची हमी कोण देणार? आणि तोवर त्याच्या पोटाचं काय?

पोटाचा प्रश्न एका समाजाने आपल्यापुरता फार पूर्वी सोडवला होता. वार लावून जेवण्याची पद्धत आजच्या आजोबांच्या पिढीने निदान ऐकलेली तरी असते. गरीब ब्राह्मण मुलगा खेड्यातून शहरात यायचा आणि सात घरी सात वार ठरवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. एखादा वार मोकळा राहिला की त्या दिवशी पाण्यावर भागवायचं किंवा माधुकरी मागायची. अपमान असायचा, शिळंपाकं असायचं, पण या वारांवर महाराष्ट्रातली कितीतरी मोठी माणसं मॅट्रिक झाली. ही व्यवस्था ज्या स्वयंपाकघरांतून चालत होती, त्यांच्या ओसरीवरही महाराच्या मुलाला पाऊल ठेवता येत नव्हतं. त्याला वार देणारं शहरात कुणी नव्हतं. नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने दलित मुलांसाठी पुढे जे वसतिगृह उभं राहिलं, त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. खेड्यातून आलेल्या पोराला पाठ टेकायला जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं आणि उद्या कुणाच्या दारात उभं राहायचं ही चिंता मिटली.

मिटली नाही ती गिरणीची ओढ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि नागपूरच्या गरीब वस्त्यांचं घड्याळ बदललं. भोंगा झाला की आई-बाप घराबाहेर. आणि नुसते आई-बापच नाहीत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने कामावर घेण्याचं किमान वय सात ठरवलं आणि मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घ्यायला मुभा दिली. १८९१ मध्ये हे वय नऊ झालं आणि तास सात. बारा वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायचं नाही, हे कायद्यात यायला १९२२ साल उजाडावं लागलं. म्हणजे जाईबाईंनी नई वस्तीत शाळा काढली त्याच वर्षापर्यंत दहा वर्षांचं पोर कायदेशीररीत्या मजूर होऊ शकत होतं. घरात दोन पैसे आणणाऱ्या पोराला शाळेत बसवायचं तर ते दोन पैसे बुडणार. बाप अडाणी होता म्हणून त्याने पोराला शाळेतून काढलं, असं आपण फार सहज लिहून मोकळे होतो. त्या बापाचा हिशेब चुकीचा नव्हता.

हा हिशेब आतून ओळखणारा माणूस म्हणजे किसन फागूजी बनसोडे. जन्म १८७९, गाव नागपूरजवळचं मोहपा. कामगारांत वावरणारा, लिहिणारा, कीर्तनातून बोलणारा हा कार्यकर्ता. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पाचपावलीत अस्पृश्य मुलींसाठी शाळा सुरू केली. डॉ. आंबेडकर तेव्हा मुंबईत शिकत होते आणि त्यांच्या चळवळीचा अजून पत्ताही नव्हता. बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि एकामागून एक पत्रं चालवली: ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि शेवटी ‘चोखामेळा’. पत्रं बंद पडत, कारण वाचणाऱ्यांकडे वर्गणीला पैसे नसत आणि पैसे असणाऱ्यांना ती वाचायची नसत. तरी पुढचं पत्र निघे. शाळा आणि छापखाना या दोन गोष्टी त्यांनी कायम हातात हात घालून चालवल्या. वाचायला शिकलेल्या पोराच्या हाती त्याच्याच वस्तीबद्दल लिहिलेलं काहीतरी पडलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चोखामेळ्याचं नाव या संस्थांवर इतक्या वेळा का येतं, हेही ध्यानात घ्यावं. चौदाव्या शतकातला हा महार संत विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीबाहेर राहिला आणि तिथेच त्याची समाधी आहे. शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी त्याच्यापेक्षा जवळचं नाव त्या पिढीला सापडलं नाही. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर बनसोडे आणि डॉ. आंबेडकर यांचे मार्ग वेगळे झाले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्तीतून चोखामेळ्याचं नाव मागे पडलं. पण त्या नावाच्या पाटीखाली शिकलेली मुलं पुढे आंबेडकरांच्या सभांना गेली, हे विसरून चालणार नाही.

कामठीत गिरणीची जागा बिडीने घेतली होती. हे काम डोळ्यांसमोर आणून पाहा. आई मांडीवर सूप घेऊन बसलेली. भिजवलेल्या तेंदूपानांचे तुकडे पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, बोटांनी वळायची, दोरा गुंडाळायचा. शेवटी बिडीचं तोंड दुमडून बंद करायचं. हे तोंड दुमडण्याचं काम घरातल्या लहान मुलाचं, कारण त्याची बोटं बारीक. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखानदाराच्या वतीने माल घेणारा सट्टेदार तो बघणार, त्यातल्या काही बिड्या छाट म्हणून बाजूला काढणार आणि तेवढी मेहनत फुकट जाणार. हजार भरायचे असतील तर मुलाने दिवसभर घरी बसलंच पाहिजे.

अशा मुलाला दिवसाची शाळा काय कामाची? कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९२७ मध्ये रात्रीच्या शाळा काढल्या. हरदास १९०४ साली जन्मलेले, नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेले, विशी गाठण्याआधीच ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक चालवणारे. त्यांच्या रात्रशाळांत एका वेळी ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. या बावीस मुलींवर थोडं थांबावं असं वाटतं. दिवसभर पाठीला बाक देऊन बसलेल्या पोरी अंधार पडल्यावर वस्तीतून चालत शाळेत येत, कंदिलाच्या उजेडात पाटी धरत. त्यांना पाठवणाऱ्या आयांनी शेजारपाजाऱ्यांचं काय काय ऐकून घेतलं असेल! शाळेच्या जोडीला हरदासांनी संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढलं आणि बिडीकामगारांसाठी सहकारी तत्त्वावर बिडीचं कामही सुरू केलं. सट्टेदाराची छाट थांबली तर आईच्या हाती दोन पैसे जास्त येतील आणि मग पोराला शाळेसाठी सोडणं तिला परवडेल, इतका सरळ विचार त्यामागे होता. शिक्षण आणि मजुरी यांची अशी सांगड घालणारी माणसं तेव्हाही थोडी होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील त्याच सुमारास वेगळ्या वाटेने तेच करत होते. हरदास १९३७ मध्ये प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि दोनच वर्षांनी, १२ जानेवारी १९३९ रोजी, क्षयाने गेले. वय पस्तीस. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून आज ते ओळखले जातात. कामठीच्या रात्रशाळा मात्र फारशा कुणाला आठवत नाहीत.

जाईबाईंची शाळा चालली. पण शाळा चालवणाऱ्या बाईलाही शहराने सोडलं नाही. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी देशभरातून आलेल्या सुशिक्षित बायकांच्या त्या मेळाव्यात जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं काढण्यात आलं. पंधरा वर्षं मुलींची शाळा चालवणाऱ्या शिक्षिकेचं पान अजून वेगळंच मांडलं जात होतं. दलित स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी निषेधाची सभा घेतली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी गावोगाव फिरून या स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर जाईबाई आपल्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

मग आला जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कवर दलित वर्गांची अखिल भारतीय परिषद भरली. त्याच मांडवात २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. सुमारे पंचवीस हजार बायका आल्या होत्या. त्यांचे ठराव वाचले की पाचपावली, कामठी आणि नई वस्तीत पस्तीस वर्षं काय घडत होतं ते कळतं. घटस्फोटाचा हक्क, गिरणीकामगार बाईला रजा, आणि त्यांच्या जोडीला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं काढावीत, ही मागणी. वार न मिळालेल्या मुलांच्या आया आता सरकारकडे वार मागत होत्या, दया म्हणून नाही, हक्क म्हणून.

डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी सगळ्या देशात ११४ विद्यार्थ्यांना ती मिळाली. आज लाखो मुलं ज्या योजनेवर शिकतात तिची सुरुवात एवढीशी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मैदानावर डॉ. आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली, त्याच दीक्षाभूमीवर १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभं राहिलं. या सगळ्या काळात वस्तीत शिकणाऱ्या मुलाचं घर आतून कसं दिसायचं, हे जाणून घ्यायचं असेल तर वसंत मून यांचं ‘वस्ती’ वाचावं. सीताबर्डीच्या महारपुऱ्यात वाढलेला हा मुलगा पुढे सरकारी अधिकारी झाला आणि आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचा संपादक झाला. त्याची आई मोलमजुरी करत होती.

आता वसतिगृहं सरकारची आहेत, शिष्यवृत्ती ऑनलाइन आहे, आठवीपर्यंतची पुस्तकं फुकट आहेत. तरीही दहावीनंतर शाळा सुटणारी मुलं नागपूरच्या वस्त्यांत आजही भेटतात, आणि पुष्कळदा कारण अगदी किरकोळ असतं. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, जातीच्या प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या काळातला कागद मिळाला नाही, बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, अर्जाची तारीख उलटून गेली. बापाचा रोज बुडतो म्हणून तो सेतू केंद्राच्या रांगेत दुसऱ्यांदा उभा राहत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तुमच्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या ताईंना, इमारतीच्या वॉचमनला, रोजच्या भाजीवाल्याला त्याआधी एकदा विचारा: मुलगी कितवीत गेली, फॉर्म भरला का, कोणता कागद अडलाय? आणि अडला असेल तर एक दिवस त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहा.