शाळेचें वय

कोणत्या देशांत किती मुलगे वेळेवर शाळेंत जातात, हें ताडून पाहण्यापूर्वीं ‘वेळ’ कोणती तें ठरवावें लागतें. इंग्लंडनें १८८० सालीं पांच वर्षांच्या मुलांपासून शिक्षण सक्तीचें केलें. जपाननें १८८६ सालीं सहा वर्षांच्या, तर बडोदें संस्थानानें १९०६ सालीं सात वर्षांच्या मुलग्यांपासून. बडोद्याचा वक्तशीर मुलगा लंडनांत दोन वर्षें मागें पडलेला ठरला असता!

त्याच १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठाणीं. तेथें सक्ती नव्हती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठीं नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं मांडलेलें विधेयक पुढील वर्षीं फेटाळलें गेलें. विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा मुंबई कायदा नगरपालिकांपुरताच होता. कपाशी पिकविणारीं खेडीं १९२३ च्या कायद्यापर्यंत त्याच्या कक्षेबाहेरच राहिलीं.

खेड्यांत जन्माची नोंद क्वचित्‌च असे. मग गुरुजी अंदाजानें वय धरून १ जून ही तारीख लिहून टाकीत. कागदावर सहा वर्षांचा दिसणारा मुलगा प्रत्यक्षांत आठ वर्षांचाहि असूं शके; आणि असा मुलगा तिसऱ्या इयत्तेंत पोंचतो न पोंचतो तोंच शेताचें काम त्याला ओढून नेई.

जन्मनोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. सहाव्या वर्षापासून शिक्षणाचा हक्क अंमलांत आला तो २०१० सालीं. पटावरील नांवें मोजणें सोपें आहे. परंतु देशादेशांची तुलना खरी व्हावयाची, तर मुलाचा जन्मदिवस आधीं खरा लिहिला गेला पाहिजे.